मागे काय दिसते: खान्देशातील छोट्या व्यवसायांचे व्हिडिओ आणि स्थळनिवड

जळगावच्या सराफ बाजारातली पेढी, धुळ्याच्या आग्रा रोडवरचे कापडदुकान, सावद्याचा केळी-व्यापारी, सोनगीरचा तांब्या-पितळेची भांडी घडवणारा कारागीर, बामणोदचा भरिताची वांगी पिकवणारा शेतकरी. या सगळ्यांच्या हातात आज मोबाइल आहे आणि प्रत्येकाला आपल्या मालाचा व्हिडिओ करायचा आहे. काय बोलायचे यावर घरात चर्चा होते, कपडे कोणते घालायचे यावरही होते. कुठे उभे राहून बोलायचे हा प्रश्न मात्र आयत्या वेळी, ‘जिथे बरे दिसेल तिथे’ एवढ्यावर सुटतो. या एका प्रश्नावर व्हिडिओचे निम्मे यश अवलंबून असते असे माझे मत आहे. त्याचा नीट विचार व्हावा म्हणून हे विवेचन.

स्थळाकडून दोन कामे घ्यायची असतात. पहिले काम साक्षीचे. दुकानदार काहीतरी दावा करतो: माल ताजा आहे, आमच्याच शेतातला आहे, आमच्या हातचा आहे, दर वाजवी आहे. तो दावा खरा वाटावा असे काहीतरी त्याच्या मागे दिसायला हवे. दुसरे काम दर्शनाचे. वस्तू स्पष्ट दिसावी, तिचा रंग बिघडू नये, बोलणे ऐकू यावे. ही दोन कामे एकाच जागी साधली तर उत्तमच, पण बहुधा ती एकमेकांच्या आड येतात. डाळमिलच्या आत डाळ खरोखर तयार होते, पण तिथे धूळ, अंधार आणि यंत्रांचा आवाज असतो. स्टुडिओतल्या पांढऱ्या पडद्यापुढे डाळीचा दाणा न् दाणा दिसतो, पण ती कोणाची, कुठली, हे त्या पडद्याला सांगता येत नाही. स्थळनिवडीचे शास्त्र म्हणजे या ओढाताणीचा निवाडा कसा करावा याचा विचार.

निवाडा पाहणाऱ्यावरून करावा लागतो. जळगावातल्या फुले मार्केटमधल्या कापडदुकानाचा व्हिडिओ मुख्यतः जळगाव, धरणगाव, एरंडोल, जामनेर इथले लोक पाहतात. त्यांना ते मार्केट पाठ असते. कोणता जिना, कोणता कोपरा, समोर कोणाची हातगाडी, हे त्यांना न सांगता कळते. अशा दुकानदाराने शहराबाहेरच्या भाड्याच्या हिरवळीवर साड्या फडकवल्या तर चित्र देखणे होईल, पण गिऱ्हाइकाच्या ओळखीचे त्यात काहीच उरणार नाही, आणि दुकान शोधत येणाऱ्याला खूणही मिळणार नाही. उलट सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणाऱ्या खान्देशी कुटुंबाला बिबड्या, कुरडया किंवा कळण्याचे पीठ विकायचे असेल तर त्याला मार्केटची गल्ली नको असते. त्याला गावाकडचे अंगण, खाट, चूल, पाट्यावर वाटलेला मसाला यांची ओढ असते. आणि दिल्लीच्या घाऊक व्यापाऱ्याला केळी दाखवायची असतील तर अंगणही कामाचे नाही. त्याला घडाची लांबी, धुण्याचे हौद, खोक्यांची थप्पी आणि भरायला उभे वाहन पाहायचे असते. माल एकाच तालुक्यातला असला तरी पाहणारा बदलला की स्थळ बदलते. म्हणून मी नेहमी सुचवतो की आधी कागदावर एकच वाक्य लिहावे: हा व्हिडिओ कोणाला, कशाची खात्री पटवण्यासाठी आहे? त्या वाक्यातल्या दाव्याला जी जागा साक्ष देईल तीच मुख्य जागा.

याच कसोटीवर किल्ले, धबधबे आणि देवस्थाने तपासावीत. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला मुंबई-आग्रा महामार्गावरून दिसतो, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगररांगा पावसाळ्यात डोळ्यांचे पारणे फेडतात, एरंडोलजवळच्या पद्मालयाचा तलाव सुंदर आहे. प्रवासी गाडीवाला, ढाबेवाला, ट्रेकिंगचे साहित्य विकणारा यांना या जागा साक्ष देतात. टाइल्सचे दुकान, शिकवणी वर्ग किंवा दवाखाना यांना त्या काहीच देत नाहीत. असे व्हिडिओ सुंदर जागेचे होतात, दुकानाचे होत नाहीत. पाहणाऱ्याला लळिंग लक्षात राहतो आणि टाइल्स विसरल्या जातात. पर्यटनस्थळ उसने घेण्याची ही सवय आपल्याकडे लग्नापूर्वीच्या व्हिडिओंमधून आली आहे असे मला वाटते. तिथे ती शोभते. व्यापारात तिचा हिशेब वेगळा होतो.

स्थळ खरे हवे याचा अर्थ ते मोठे हवे असा नाही. याचे उत्तम उदाहरण खान्देशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे जागतिक कीर्तीचे छायाचित्रकार. आयुष्याचा फार मोठा काळ त्यांनी चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या घरातच काढला, बाहेर जवळजवळ पाऊलच टाकले नाही. त्यांची ख्याती झाली ती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी: घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश नेमका सोडायचा आणि त्यातून निसर्गदृश्ये उभी करायची. दारिद्र्य, एकांत, हिवाळा असे भाव त्यांनी चार भिंतींच्या आत चित्रित केले. छोट्या व्यावसायिकाला यातून कळते ते असे, की वस्तू नीट दिसायला दोन बाय तीन फुटांचे टेबल आणि एक खिडकी पुरते. दादासाहेब फाळक्यांनीही लंडनहून परतल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून एक छोटी फीत केली होती. भारतीय चित्रपटाचा उद्योग ज्या प्रचारफितीवर उभा राहिला तिचे स्थळ एक कुंडी होते!

पण मूस यांचे चित्र आणि व्यापाऱ्याचा व्हिडिओ यांत एक भेद आहे तो विसरता येणार नाही. मूस यांनी टेबलावर उभे केलेले दृश्य खरे नाही हे कळूनही आनंद कमी होत नाही, किंबहुना वाढतो. व्यापाऱ्याने टेबलावर शेत उभे केले आणि ते कळले, तर पुढचा प्रत्येक दावा संशयित होतो. म्हणून टेबल दर्शनासाठी वापरावे, साक्षीसाठी वापरू नये. व्यवहारात याचा सोपा मार्ग असा: ओळख आणि दावा खऱ्या जागी चित्रित करायचा, वस्तूचे बारकावे टेबलावर घ्यायचे, आणि दोन्ही जोडायचे. ओढाताण बरीचशी इथेच मिटते.

प्रकाशाचा विचार खान्देशात इतर ठिकाणांपेक्षा अधिक काटेकोर करावा लागतो. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर, त्यामुळे खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. या दिवसांत अकरा ते दोनच्या दरम्यान उघड्यावर उभे केलेल्या माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर, आणि चेहरा थकलेला दिसतो. शिवाय भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बरेच मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. त्यापलीकडे ते तापतात, पडदा मंद करतात, चित्रण थांबवतात. उन्हाळ्यात उघड्यावरचे काम सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढ्यातच उरकावे.

डिसेंबरात चित्र उलटते. २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे उन्हाळ्यात जो तिरपा प्रकाश सकाळी तास-दोन तास मिळतो, तसा हिवाळ्यात दिवसभर मिळू शकतो. भरिताचा, गुळाचा, लग्नसराईच्या कापडाचा हंगामही हाच. वर्षभर पुरतील अशी दुकानाबाहेरची दृश्ये मार्गशीर्ष-पौषात घेऊन ठेवणारा शहाणा.

दाराच्या दिशेचा यात मोठा वाटा आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या दर्शनी भागावर हिवाळ्यात दिवसभर थेट ऊन येत नाही. आकाशाचा मऊ, सारखा प्रकाश मिळतो आणि कापडाचे रंग खरे उतरतात. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो-मावळतो, त्यामुळे अशाच दुकानावर सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडते. दक्षिणमुखी दुकानाचे नेमके उलटे: हिवाळ्यात ऊन आत शिरते आणि काचेवर चकाकते. पूर्वमुखी दुकानाने दुपारनंतर, पश्चिममुखीने दुपारपूर्वी काम करावे. दुकान कोणत्या दिशेला आहे हे वास्तूसाठी सगळ्यांना ठाऊक असते. तीच माहिती इथे रोकडी कामाला येते.

दुकानाच्या आत दिव्यांची अडचण असते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेत असेल तर पडद्यावर सरकते काळे पट्टे दिसू शकतात. सेटिंगमध्ये २५ चित्रे आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की ते जातात. दुसरी अडचण मिश्र प्रकाशाची. दारातून येणारा दिवसाचा निळसर उजेड आणि आतले पिवळे दिवे एकाच चेहऱ्यावर पडले तर अर्धा गाल एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. एकतर दिवे बंद करून दाराजवळ यावे, नाहीतर शटर अर्धे ओढून पूर्ण दिव्यांवर काम करावे.

आता मालाच्या प्रकृतीकडे. इथे प्रत्येक वस्तू स्वतःची जागा मागते, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

केळीचा बाग दुरून फार सुंदर दिसतो, म्हणून रावेर-यावल-चोपड्याकडचे व्हिडिओ बागेच्या पोटात शिरून केलेले असतात. आत मात्र पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो. तो चेहऱ्यावर पडतो आणि माणूस आजारी दिसतो. घडाचा स्वतःचा रंगही त्या हिरव्यात मिसळून जातो. उपाय साधा आहे. बोलणाऱ्याने बांधावर, मोकळ्या आकाशाखाली उभे राहावे आणि बाग पाठीमागे आठ-दहा फुटांवर ठेवावा. घड दाखवायचा तर तो कापून आणल्यावर बागेबाहेर, करड्या किंवा मातकट पृष्ठभागावर दाखवावा, म्हणजे फण्या वेगळ्या उठून दिसतात. बागेत आत जायचे ते केवळ खोड, ठिबकच्या नळ्या आणि मशागत दाखवायला. ठिबक दिसणे महत्त्वाचे आहे. जळगाव जिल्ह्याची केळी पाण्याच्या या शिस्तीवर उभी आहे आणि जाणकार खरेदीदार ती पाहतो. ‘जळगाव केळी’ आणि ‘जळगाव भरीत वांगी’ या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या मालात भूगोल हाच दावा असतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या बागेचे आयते दृश्य लावून त्याची जाहिरात करणे हा दाव्यालाच धक्का आहे.

भरिताचा जीव धुरात आणि जाळात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना उठणारा धूर उजळ भिंतीपुढे दिसतच नाही. मागे सावलीतली भिंत, गोठ्याचा अंधार किंवा संध्याकाळचे झाड असले आणि प्रकाश धुराच्या मागून किंवा बाजूने आला की तोच धूर उजळून निघतो. बडग्याने कुटताना वरून घेतलेले दृश्य चांगले, कारण तिथे पार्श्वभूमी म्हणजे बडजी (भरीत कुटण्याचे लाकडी भांडे) किंवा परात हीच असते आणि आजूबाजूचा पसारा आपोआप बाहेर राहतो. हिरव्या मिरच्या, पातीचा कांदा, शेंगदाणे यांचे रंग लाकडावर खुलतात. चकचकीत स्टीलवर ते फिके पडतात.

सोन्याची गोष्ट वेगळीच आहे. चकाकीचा धातू स्वतःचा रंग कमी आणि आजूबाजूचा रंग अधिक दाखवतो. दागिन्याच्या मागे काय आहे यापेक्षा त्याच्या समोर आणि वर काय आहे हे महत्त्वाचे: हिरवी भिंत असेल तर बांगडी हिरवट दिसते, छायाचित्रकाराचा लाल शर्ट पाटलीत उतरतो, छताचे ठिपक्या-ठिपक्यांचे दिवे शेकडो चमचमत्या टाचण्यांसारखे दिसतात. पेढीत चित्रण करताना पांढऱ्या सुती कापडाने दागिन्याभोवती तीन बाजू आणि वरचा भाग झाकून घ्यावा, काळे किंवा अंजिरी मखमल खाली ठेवावे. हे झाले दर्शन. साक्षीसाठी एक स्वतंत्र, अगदी जवळून घेतलेले दृश्य हॉलमार्कचे हवे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक भिंगातून दाखवणारा पाच सेकंदांचा तुकडा, पेढीच्या संगमरवरी जिन्याच्या पन्नास सेकंदांपेक्षा अधिक विश्वास देतो. गिऱ्हाइकांचे चेहरे, तिजोरीची जागा, कॅमेऱ्यांचे कोन मात्र कधीही पार्श्वभूमीत येऊ देऊ नयेत.

सोनगीरच्या भांड्यांनाही हाच परावर्तनाचा नियम लागू आहे, पण तिथे ठोक्यांच्या खुणा दिसायला हव्यात. त्यासाठी एकाच बाजूने येणारा कडक प्रकाश, म्हणजे कारखान्याचे अर्धे उघडे दार, सगळ्यात उपयोगी. काळवंडलेली भिंत तशीच राहू द्यावी. ती भट्टीची साक्ष आहे.

चौकटीच्या आकाराने स्थळनिवड किती बदलली याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. रील उभी असते, नऊ बाय सोळाच्या प्रमाणात. आपल्या दुकानांच्या पाट्या मात्र आडव्या. पाटीसमोर उभे राहून रील केली की दुकानाच्या नावाची मधलीच दोन अक्षरे दिसतात. पूर्ण पाटी यावी म्हणून मागे सरकावे तर माणूस लहान होतो आणि वर आभाळ, खाली रस्ता भरतो. उभ्या चौकटीला उभ्या गोष्टी मानवतात: कपड्यांच्या मांडणीचे कप्पे, जुन्या वाड्याचे दार, केळीचे खोड, पोत्यांची थप्पी, जिना, बोळ. जुन्या धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या यासाठी फार अनुकूल आहेत. गल्लीच्या मध्यावर माणूस उभा केला की दोन्ही बाजूंच्या रेषा त्याच्याकडे येतात आणि खोली मिळते. नाव दाखवायचे तर दुकानात एक उभी पाटी करून घ्यावी. खर्च थोडा, उपयोग रोजचा. पडद्याच्या खालच्या भागात मजकूर आणि उजव्या कडेला बटणे येतात, म्हणून महत्त्वाची वस्तू मधल्या-वरच्या भागात ठेवावी. बोलणारा भिंतीला चिकटून उभा नसावा. पाच-सहा फूट अंतर ठेवले की सावली भिंतीवर पडत नाही आणि मागचा तपशील सौम्य होतो.

ध्वनी हाही जागेचा गुण आहे, आणि खान्देशात त्याचा शत्रू कूलर. मार्च ते जून प्रत्येक दुकानात तो घरघरत असतो. कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. चित्रणापुरता तो बंद करावा, तोंडाजवळ छोटा कॉलर-माइक लावावा. जिनिंगमध्ये, पाइप किंवा चटईच्या कारखान्यात यंत्र चालू असताना बोलण्याचा अट्टहास करू नये. यंत्राचा आवाज वेगळा टिपावा आणि निवेदन नंतर शांत खोलीत भरावे. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, कापडाच्या दुकानात घुमत नाही, कारण तागे तो शोषून घेतात. शेजारच्या दुकानात वाजणाऱ्या गाण्याकडे विशेष लक्ष हवे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे सार्वजनिक जागी कायम असलेले शिल्प किंवा केवळ पार्श्वभूमीत आलेले चित्र चित्रपटात दिसायला हरकत नाही. ही सवलत मागे वाजणाऱ्या संगीताला मात्र नाही, आणि समाजमाध्यमांची यंत्रणा असे गाणे ओळखून व्हिडिओ मूक करू शकते.

परवानगीचे थोडक्यात. रेल्वे स्टेशन, अभयारण्य आणि संरक्षित स्मारके यांत व्यावसायिक चित्रण परवानगीशिवाय करू नये. ड्रोनसाठी ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत: २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालकाकडे प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळाजवळचा भाग निर्बंधाचा असतो. जळगावचे विमानतळ शहरालगत आहे, भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माणी आहेत. निर्बंधित भाग दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहिल्याशिवाय उड्डाण नकोच. आठवडे बाजारात किंवा जळगावच्या रथोत्सवाच्या गर्दीत चित्रण करताना अनोळखी बायका-मुलांचे चेहरे जवळून घेऊ नयेत.

सगळ्यात अवघड स्थळ म्हणजे घर. पापड, कुरडया, मसाले करणाऱ्या कितीतरी बचत गटांच्या बायका आणि एकट्या उद्योजिका यांना दुसरी जागाच नसते. स्वयंपाकघर दाखवावे तर कुटुंबाचे खासगीपण उघडे पडते. औषधांच्या बाटल्या, मुलांच्या शाळेचे दप्तर, भिंतीवरच्या कागदावरचे फोन नंबर सगळे पडद्यावर येते. न दाखवावे तर ‘घरगुती’ या दाव्याला आधार राहत नाही. यात मला गच्ची सर्वांत योग्य जागा वाटते. फाल्गुन-चैत्रात तिथे सुती साड्यांवर वाळवण पसरलेले असते, सकाळी साडेसात-आठला प्रकाश तिरपा असतो, बिबड्यांवरची जाळी आणि कुरडयांचे वेटोळे सावलीसह उठून दिसतात, आणि घराचा आतला भाग मुळीच येत नाही. पांढऱ्या साडीवर नागलीचे पापड ठसठशीत दिसतात. कुरडयांना मात्र गडद साडी हवी. चित्रण करणारीने सूर्य आपल्या पाठीशी न ठेवता वाळवणाच्या पलीकडे ठेवावा, म्हणजे उचलून धरलेल्या पातळ पापडातून उजेड आरपार येतो. आत शिजवण्याचे दृश्य हवेच असेल तर ओट्याचा दोन फुटांचा तुकडा स्वच्छ करून तेवढाच चौकटीत घ्यावा, केस बांधलेले, हात धुतलेले दिसावेत, आणि पाकिटावरचा अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक एकदा स्पष्ट दाखवावा. घराचा पत्ता, दारावरची पाटी, गाडीचा नंबर चौकटीबाहेर ठेवून माल नेण्यासाठी बाहेरचे एखादे ठिकाण ठरवावे आणि व्हिडिओत तेच सांगावे.